ओढ्याच्या मापाने आखलेले उद्यान

कॅमेरा उंच गेला की ब्रँच ब्रूक पार्कचा आकार नीट ध्यानात येतो. न्यू जर्सी राज्यातील नेवार्क शहराच्या दाट वस्तीतून ही हिरवी पट्टी उत्तरेकडे सरकत जाते. तिची लांबी जवळजवळ चार मैल, रुंदी मात्र सरासरी पाव मैल. पाणी जिथून वाहत होते आणि जिथे साचत होते, तिथूनच ही जमीन घेतली गेली आणि पुढे उद्यान शहराची हद्द ओलांडून शेजारच्या बेलव्हिल गावात शिरले. काऊंटीने, म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाने, उभारून लोकांसाठी खुले केलेले अमेरिकेतील हे पहिले उद्यान होय.

या जागेवर पहिले बोट ठेवले ते न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे एक रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी, १८६७ साली. त्यांनी जागा सुचवली, पण खर्चाचा आकडा मोठा असल्यामुळे ती सूचना बाजूला पडली आणि पुढची पंचवीसहून अधिक वर्षे शहर मात्र वाढतच राहिले.

एसेक्स काऊंटी आपल्याकडील एखाद्या लहान तालुक्याएवढी. पण तिच्यात नेवार्कसारखे कारखान्यांचे शहर होते, ऑरेंज नावाची एकमेकांलगत वसलेली गावे होती आणि पश्चिमेला वॉचंग डोंगराची रांग होती. डोंगर एका गावाचा नव्हता आणि तो विकत घेण्याची ऐपत कोणत्याही एका गावात नव्हती. म्हणून १८९४ साली पाच जणांचा आयोग नेमून त्याला काऊंटीतील उद्यानांच्या अभ्यासासाठी दहा हजार डॉलर देण्यात आले. आयोगात रोपवाटिकेचा व्यवसाय करणारे फ्रेडरिक केल्सी होते, आणि उद्याने गावागावांनी वेगवेगळी न करता संपूर्ण काऊंटीची मिळून एक रचना असावी, हा विचार त्यांनी शेवटपर्यंत लावून धरला. १८९५ मध्ये कायदा झाला, मतदारांनी कौल दिला आणि पंचवीस लाख डॉलरचे कर्जरोखे काढण्याची परवानगी मिळाली. जमीन महाग होण्याआधी ती लोकांच्या नावावर करून घेण्याचे हे धोरण आज पाहताना अतिशय दूरदृष्टीचे वाटते.

हा दक्षिणेकडील तलाव पाहा. नेवार्क शहराने सुरुवातीला दिलेल्या साठ एकरांत पाणीपुरवठ्याचा जुना जलाशय होता, आणि आसपास ब्लू जे नावाने ओळखली जाणारी दलदल होती. जॉन बोगार्ट आणि नेथन बॅरेट यांनी प्रथम येथे आखीवरेखीव वाफे आणि लतामंडप योजले. १८९८ मध्ये काम ओल्मस्टेड यांच्या मुलांच्या संस्थेकडे गेले आणि रचनेचा सूर बदलला: तलावाचे काठ वळणदार झाले, उघडी कुरणे आली, आणि एका वळणावरून पुढचे वळण दिसू नये अशा बेताने झाडे लावली गेली. पार्क अव्हेन्यू आणि ब्लूमफील्ड अव्हेन्यू हे वर्दळीचे रस्ते पुलांवरून उद्यानाच्या डोक्यावरून नेले आहेत, त्यामुळे पायी चालणारा माणूस कमानीखालून निघतो आणि त्याची चाल तुटत नाही. पश्चिमेच्या कडेने धावणारी ही रेल्वे मॉरिस कालव्याच्या जुन्या पात्रातून जाते. कालवा बंद झाल्यावर १९३५ पासून तिथे गाडी सुरू झाली. उत्तरेच्या बाजूचे हे दगडी प्रवेशद्वार बॅलंटाइन या मद्यनिर्मात्या कुटुंबाचे नाव सांगते. या भागातील काही जमीनही त्यांनी दिली.

डोंगरावर आयोगाने वेगळे धोरण ठेवले. ईगल रॉक आणि साऊथ माउंटन ही राखीव वने फारशी न सजवता राखण्यात आली. साऊथ माउंटनचे क्षेत्र दोन हजार एकरांहून अधिक असून ते तीन गावांच्या हद्दींत पसरले आहे. हेमलॉक धबधब्याचा हा आवाज तिथला आहे. ईगल रॉकच्या कड्यावरून न्यूयॉर्कची क्षितिजरेषा दिसते, आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातील मृतांचे स्मारकही आता तिथेच आहे.

मधल्या काळाबद्दल एवढेच सांगता येईल की १९७० च्या दशकाअखेर काऊंटीच्या कारभाराची पुनर्रचना होऊन स्वतंत्र उद्यान आयोग संपला, देखभाल ढिली पडली, आणि १९९९ मध्ये नागरिकांची संस्था उभी राहिल्यावर दुरुस्तीला वेग आला.

आता बेलव्हिल. सेकंड रिव्हरच्या काठचा हा उतार १९२७ पासून चेरीचा आहे. नेवार्कच्या बॅम्बर्गर या दुकानदार घराण्यातील कॅरोलिन बॅम्बर्गर फुल्ड यांनी दोन हजारांहून अधिक झाडे भेट दिली. जपानमध्ये डोंगरउतारावर चेरी जशी दिसते तशी ती दिसावी, म्हणून ती सरळ रांगांत न लावता उताराच्या चढउताराप्रमाणे लावली गेली. आज उद्यानात पाच हजारांहून अधिक चेरीची झाडे आहेत, आणि एप्रिलमध्ये त्यांच्याखाली काऊंटीतील सर्व गावांची माणसे दिसतात. पुढची दोन मिनिटे निवेदन नाही. फुले, पाणी आणि ही माणसे पाहावीत.