गाडीतल्या पाण्याला वाट द्या

मंडळी, जून उजाडला की गॅरेजमध्ये एकच वाक्य ऐकू येतं: "पायाखालचं मॅटिंग ओलं होतंय, जरा सिलिकॉन मारून द्या." फटी बुजवणाऱ्या सिलिकॉनची ट्यूब सगळ्यात शेवटी हातात घ्यायची असते, आणि बहुतेक वेळा तिची गरजच पडत नाही. आज मला मुख्यतः तेच पटवून द्यायचं आहे.

गाडी हा बंद डबा नाही. काचेवरून ओघळणारं पाणी दारात शिरणार, वायपरखाली उतरणार, हे धरूनच ती बांधलेली असते आणि त्या पाण्याला खाली जायला वाटा ठेवलेल्या असतात. दहा-बारा वर्षांच्या गाडीत त्या वाटा तुंबतात, मग पाणी आत वळतं. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कोरड्या गावात वर्षानुवर्षं न कळलेला दोष इथे आठवड्यात उघडा पडतो. जुनी गाडी बाहेरगावाहून आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आधी पाणी ओळखा. मॅट उचलून पांढरा कागदी रुमाल दाबा. मातकट डाग पडला तर पाणी पावसाचं. चिकट, गोडसर वासाचं, हिरवट किंवा गुलाबी असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. तेच हीटरमधून फिरतं, म्हणजे हीटरची गळती आहे, गाडी तापायच्या आत दुरुस्त करा. स्वच्छ, बिनवासाचं आणि फक्त डाव्या सीटच्या पायाशी असेल, तर संशय एसीवर घ्यायचा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत एसीची हवा थंड करणारी कॉइल ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असते आणि तिचं पाणी एका रबरी नळीतून गाडीखाली पडतं. मुंबईच्या दमट हवेत वीस मिनिटं एसी चालवला की खाली थारोळं दिसलंच पाहिजे. दिसलं नाही तर नळी तुंबली आहे. जाड नायलॉनची दोरी खालून हलक्या हाताने आत-बाहेर करा. लोखंडी तार घालू नका, कॉइलच्या पात्या पातळ ॲल्युमिनियमच्या असतात.

आता वायपरखालची जाळी. दादर-माटुंग्याकडे पर्जन्यवृक्ष किंवा गुलमोहराखाली गाडी उभी राहत असेल, तर ही तुमची पहिली जागा. या झाडांची पानं इतकी बारीक, की जाळीतून सरळ आत जातात आणि खालच्या पन्हळीत त्यांचा काळा लगदा होतो. पन्हळीची तोंडं दोन्ही टोकांना असतात, ती बंद झाली की पाणी चढतं. ब्लोअर (गाडीत हवा सोडणारा पंखा) हवा ओढतो तीही इथूनच, त्यामुळे चढलेलं पाणी ब्लोअरमध्ये उतरतं आणि मोटर जळते. वायपरचे हात काढा, जाळीच्या क्लिपा सोडवा, लगदा हातानेच उचला. पाण्याच्या पाइपाने ढकललात तर तो तोंडात जाऊन घट्ट बसेल. मग लिटरभर पाणी सावकाश ओता. ते पुढच्या चाकांच्या मागे धारेने पडलं पाहिजे. नुसतं थेंब-थेंब येत असेल तर काम अर्धवट आहे.

दाराचा प्रकार लोकांना सर्वांत कमी माहीत असतो. दार उघडा आणि खालची कड बोटाने चाचपा. दोन-तीन चिरा लागतील, काहींवर छोटी रबरी झडप असते. दार हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, तर चिरा मातीने बुजल्या आहेत. आइस्क्रीमची काडी फिरवा, पाणी भसकन बाहेर येईल. या चिरा "भोकं" समजून कुणी एम-सीलने बुजवतं, त्या दाराला दोन पावसाळ्यांत आतून गंज लागतो.

चिरा मोकळ्या असूनही उंबऱ्यापाशी ओल असेल, तर दाराचं आतलं पॅड काढायचं. पत्र्यावर प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट दोरीने बसवलेला असतो. दारातलं पाणी आत येऊ न देणारा पडदा तोच. पॉवर विंडोचं काम करताना तो फाडला जातो आणि कोपऱ्याला सेलोटेप लावून पॅड परत बसवतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण दोन मिनिटं वाचवायला गाडीची फरशी सडवली जाते. नवा जाड कागद कापा, ब्युटिल टेपने (चिकट रबरी पट्टीने) चारही बाजू दाबून बसवा, आणि खालची कड पाणी दारातच परत पडेल अशी ठेवा.

सनरूफ असेल तर चारही कोपऱ्यांतल्या नळ्या कपभर पाण्याने तपासा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी छताच्या आत निसटते. डिकीत टेललाइटमागचं पॅकिंग आणि स्टेपनीच्या खड्ड्यातलं रबरी बूच बघा. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर फरशीची बुचंही तपासा, ती पाण्याच्या दाबाने सैल होतात.

एवढं करूनही गळत असेल तर पाण्याचा पाइप घ्या. एक जण टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर. धार मंद ठेवा आणि खालून वर जा, प्रत्येक जागेला पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं, काहीच कळत नाही. समोरच्या काचेच्या कडेने आलं तरच काच काढून पत्र्याचा गंज घासायचा आणि पॉलियुरेथेनवर, म्हणजे काच चिकटवायच्या खास गोंदावर, काच बसवायची. वरून फासलेलं सिलिकॉन थोड्याच दिवसांत सुटतं.

राहिलं वाळवणं. मॅटिंगखालचा फेल्ट, म्हणजे नमद्यासारखा जाड थर, लिटरच्या लिटर पाणी धरून ठेवतो आणि जुलैच्या हवेत तो गाडीत वाळत नाही. बॅटरीची वायर काढून काही मिनिटं थांबा, सीटखाली एअरबॅगचे प्लग असू शकतात. मग सीट काढा, फेल्ट बाहेर पंख्याखाली दोन-तीन दिवस ठेवा. फरशीवर वर्तमानपत्र पसरून एक जोरदार सर येऊ द्या. कागद कोरडा निघाला, तरच सीटचे बोल्ट आवळा.