अनड्रेस्ड म्हणजे नेमकं काय काढलं?

नमस्कार मंडळी, आजचा शब्द ऐकून आवाज कमी करायला धावू नका, घरात पोरं असली तरी चालेल. शब्द आहे अनड्रेस्ड. आता अन म्हणजे नाही, ड्रेस म्हणजे कपडे, झालं की मग! पण इथेच फसगत होते, मी तर चांगलाच तोंडावर आपटलोय.

नवा नवा भाषांतरं करायचो तेव्हाची गोष्ट. एका जुन्या ब्रिटिश फौजी अधिकाऱ्याची डायरी हातात आली, त्यात लिहिलेलं की त्या रात्री सगळे ऑफिसर मेसमध्ये जेवायला 'इन अनड्रेस' आले. मी झोकात लिहून टाकलं, 'सर्व अधिकारी विवस्त्रावस्थेत भोजनास बसले'. विवस्त्रावस्थेत! काय शब्द सापडला म्हणून दिवसभर स्वतःवरच खूश. पुढचंच वाक्य होतं की कर्नलसाहेबांच्या कोटाचं बटण तुटून सूपमध्ये पडलं, तेही मी इमानदारीत उतरवलं, आणि दोन्ही ओळींत काही बिघडलंय हे ध्यानातच नाही. आमच्या सरांनी पान वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि शांतपणे विचारलं, "बटण कुठे लावलं होतं हो यांनी?"

तर फौजेत अनड्रेस म्हणजे रोजचा साधा युनिफॉर्म. समारंभाचा झगमगीत, तो फुल ड्रेस. (तो चष्मा पुसणारा माणूसच आता ऑफिसातून गायब झालाय, सगळं मोबाईलवर चेक करतात, आणि मोबाईल काय, तो कधी हसत नाही.)

मुळात ड्रेस म्हणजे नीट करणं. लक्षात ठेवा, आधी नीट करणं, कपडे नंतर आले. म्हणून जखमेचं ड्रेसिंग, सॅलडचं ड्रेसिंग. अनड्रेस्ड दगड म्हणजे न घडवलेला दगड, त्याला कोण कपडे घालणार!

माणसाबद्दल म्हणाल तर अनड्रेस्डमध्ये बहुतेक वेळा कपडे काढल्याचा भाव असतो. बाळ जन्मतं ते नेकेड, आंघोळीला नेताना झबलं काढलं की अनड्रेस्ड. आणि हो, उच्चार नेकिड, 'नेक्ड' नाही. हा शब्द आपल्या नागड्याचा लांबचा भाऊच, संस्कृतातला नग्न आणि हा एकाच मुळाचे. पण म्हणून 'नेकेड आय' दिसलं की लगेच नागडे डोळे लिहू नका, नुसत्या डोळ्यांनी म्हणा.

बरं, वेळ झाली, निघतो. ते सूपमधलं बटण शेवटी कोणाला सापडलं, ते डायरीत कुठेच नाही.