डाव्या कुशीवर निजलेली झेनोबिया

सायप्रस बेटावरचं लार्नाका. किनारा सोडला की थोड्याच वेळात बोट एका बोयापाशी थांबते. सिलिंडर पाठीवर, त्यातली हवा श्वासाला देणारा रेग्युलेटर तोंडात, आणि दोरी धरून हळूहळू खाली. आधी सगळा निळा रंग. मग त्या निळ्यात एक लांबच लांब सावली उमटते, जिचं दुसरं टोक काही केल्या दिसत नाही.

हीच झेनोबिया.

स्वीडनमध्ये बांधलेली, ट्रक वाहून नेणारी ही फेरीबोट. लांबी १७० मीटरहून जास्त. पहिल्याच सफरीत, सीरियातल्या तार्तूसला जाताना, ती डावीकडे कलू लागली. तोल सांभाळणाऱ्या टाक्यांची यंत्रणा बिघडली होती आणि नको तिथे पाणी भरत होती. ७ जून १९८० रोजी ती लार्नाकासमोर बुडाली. शंभरावर ट्रक घेऊन. माणसं मात्र सगळी वाचली.

आज ती ४२ मीटर खोलीवर डाव्या कुशीवर निजली आहे. वर आलेली उजवी बाजू साधारण १६-१७ मीटरवर लागते. अठरा मीटरपर्यंतचं प्रशिक्षण घेतलेल्या नवख्यालाही तिच्यावरून पोहता येतं. जहाजाचे पंखे, खिडक्या, कठडे, आणि त्यांच्यामधून फिरणारे मोठाले गोब्रा मासे. पहिल्या बुडीला एवढं पुष्कळ आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

कारण आतलं जग वेगळं आहे. तिथे भिंत म्हणजे जमीन, जिने आडवे. काही ट्रक अजून साखळ्यांना लोंबकळत आहेत. एकात अंडी होती. त्यांची टरफलं टॉर्चच्या उजेडात आजही दिसतात. पायातला पंखा जरा खाली लागला की गाळ उठतो, आणि आपलाच हात आपल्याला दिसेनासा होतो. जहाज बुडताना कुणी गेलं नाही, पण नंतर इथे उतरलेल्या काही पाणबुड्यांनी जीव गमावला आहे. म्हणून आत जायचं ते त्याचं वेगळं प्रशिक्षण घेऊन, वाट माहीत असलेल्या गाइडसोबत, आणि परतीपुरती हवा आधीच राखून.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. अंगात मुरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडू द्यायचा. दोरीला धरून खाली पाहा. गंजलेल्या पत्र्याच्या फटींतून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येत आहेत.

आत कुणीतरी श्वास घेतंय.