बर्लिन की म्युनिक? आधी मुलाचं वय सांगा

नमस्कार मंडळी.

पुण्याहून, ठाण्याहून, आता नाशिकहूनसुद्धा आपल्या म्युनिकच्या मराठी मंडळाकडे फोन येतात. "ताई, दोन ऑफर आहेत. एक बर्लिनची, एक म्युनिकची. मुलं लहान आहेत. कुठे जाऊ?" आपल्यापैकी बहुतेक जण लगेच पगार आणि घरभाडं सांगायला लागतात. मी आधी मुलाचं वय विचारते. का, ते आज सांगायचं आहे.

पैशाचं आधी उरकून घेऊ. इन्कम टॅक्सचे दर देशभर सारखे, मुलांसाठी सरकारकडून मिणारा भत्ता, म्हणजे किंडरगेल्ड, तोही सारखाच. त्यामुळे त्याच पगारात हातात येणारी रक्कम दोन्हीकडे जवळपास तेवढीच. फरक पडतो तो भाड्यात, आणि देशात सगळ्यात महाग घरं म्युनिकमध्येच आहेत. बर्लिनही आता स्वस्त राहिलेलं नाही, तिथे घर मिळेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. तरी आजी-आजोबा ९० दिवसांसाठी आले की लागणारी ती एक जास्तीची खोली बर्लिनमध्ये जमण्याची शक्यता जास्त.

आता मुलाकडे येऊ. वर्षाच्या मुलाला किटात (शाळेआधीच्या मुलांना दिवसभर सांभाळणारं केंद्र) किंवा पाळणाघरात जागा मिळण्याचा हक्क ऑगस्ट २०१३ पासून अख्ख्या जर्मनीत आहे. पण त्या जागेचे पैसे कोण भरणार, हे प्रत्येक राज्य ठरवतं. बर्लिनने ऑगस्ट २०१८ पासून किटाची फी पूर्ण माफ केली. युगेंडआम्टकडून (बालकल्याण कार्यालय) गुटशाईन, म्हणजे जागेसाठीचं हक्कपत्र, घ्यायचं, किटा शोधायची, आणि जेवणाचे महिना २३ युरो भरायचे. काही किटा वर थोडं जास्तीचं मागतात, ते आधी विचारून घ्या. म्युनिकमध्ये महापालिकेच्या किंडरगार्टनची फी २०१९ पासून माफ आहे, पण ती तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी. त्याआधीची क्रिप्पे (तीन वर्षांखालच्या मुलांची किटा) खाजगी मिळाली, तर दोघांपैकी एकाच्या पगारातला मोठा भाग तिथेच जातो. आणि मग हमखास आईच म्हणते, "मी घरीच थांबते." शिकलेल्या, दहा-दहा वर्षं नोकरी केलेल्या मुलींच्या तोंडून हे ऐकताना मला फार वाईट वाटतं. पदरात वर्षाचं मूल असेल आणि दोघांनाही काम करायचं असेल, तर मी बिनदिक्कत बर्लिन सांगते.

पुढचा मुद्दा शाळेचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. बर्लिनमध्ये ग्रुंडशुले, म्हणजे प्राथमिक शाळा, सहावीपर्यंत. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, ती चौथीपर्यंतच. म्हणजे इथे दहाव्या वर्षी ठरतं, मूल गिम्नाझिउमला (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा) जाणार, रेआलशुलेला (मधली शाळा) की मिट्टेलशुलेला (कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी). चौथीत, मेच्या सुरुवातीला प्रमाणपत्र हातात येतं. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी गिम्नाझिउमसाठी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते, रेआलशुलेसाठी २.६६. इथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे सगळ्यात वाईट, हे नवीन मंडळींनी ध्यानात ठेवावं.

आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याहून एक कुटुंब आलं. मुलगा तिसरीत. पाढे तोंडपाठ, गुणाकार-भागाकार वर्गात सगळ्यात आधी व्हायचे. पण शाब्दिक उदाहरण आलं की अडायचा. एकदा माझ्यासमोर बसून त्याने एक गणित तीनदा वाचलं. दुधाच्या डेअरीचं होतं. किती लिटर विकलं ते विचारलंय की किती उरलं, हेच त्याला उमगेना. बाजूला कच्च्या कागदावर दोन्ही उत्तरं काढून ठेवली होती, आणि दोन्ही बरोबर होती. गणितात तो कच्चा नव्हताच. जर्मन शिकायला त्याच्या हातात जेमतेम दीड वर्ष होतं, आणि बर्लिनमध्ये त्याच मुलाला साडेतीन मिळाली असती.

म्हणून आठ-नऊ वर्षांचं मूल घेऊन, जर्मन येत नसताना थेट म्युनिकला येणाऱ्यांना मी थांबवते. यायचंच असेल, तर नियम नीट माहीत करून घ्या. ज्यांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती, अशा मुलांना सरासरी ३.३३ पर्यंत असली तरी गिम्नाझिउमसाठी पात्र ठरवता येतं. मात्र जर्मनमधली उणीव भरून निघेल, असं शाळेला वाटलं पाहिजे. हे शिक्षकांशी स्वतःहून बोला, तिसरीतच बोला. आकडा हुकला तर तीन दिवसांचा प्रोबेउंटररिष्ट, म्हणजे मुलाला पारखणारा चाचणी वर्ग, असतो. आणि रेआलशुले म्हणजे दारं बंद, असं कृपा करून मुलासमोर बोलू नका. तिथून फाखओबरशुलेमार्गे (दहावीनंतरची शाळा) पुढचं उच्च शिक्षण होतं.

मग आम्ही म्युनिकमध्ये का आहोत? मुलगी साडेतीन वर्षांची असताना आलो. क्रिप्पेचं वय सरलं होतं, आणि चौथीपर्यंत तिला सहा-सात वर्षं जर्मन ऐकायला-बोलायला मिळणार होती. त्या वयाला हे शहर उत्तम आहे. मुंबईचं थेट विमान आहे. शाळेची उन्हाळी सुट्टी दरवर्षी साधारण ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, म्हणजे बहुतेक वर्षी गणपतीला मुलं गावी नेता येतात. २०२७ ला गणेश चतुर्थी ४ सप्टेंबरला आहे, तेव्हाही सुट्टी असेल. बर्लिनची सुट्टी मागेपुढे सरकते, कधी जुलै उजाडताच लागते आणि गणपतीच्या कितीतरी आधी संपते. शाळा चालू असताना मुलाला परस्पर नेलं तर दंड होतो, तेव्हा हा मुद्दा किरकोळ समजू नका.

चौथीच्या जुन्या, सोडवलेल्या प्रोबेंच्या (वर्गातल्या चाचण्यांच्या) फायली आज मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांची मुलं तिसरीत आहेत त्यांनी चहाच्या वेळी त्या चाळा, लागतील त्या पानांचे फोटो काढा. ज्यांच्या हातात अजून दोन ऑफर आहेत, त्यांनी सही करायच्या आधी मला गाठा.