क्रॅनब्रुकचं धुणं

(दृश्य : चित्र जवळून. विटांची जमीन, मग हळूहळू वर खिडकी.)

एका बाजूला खिडकी. उजेड आधी टेबलावर पडतो, मग टोपीच्या पांढऱ्या काठावर. चुलीच्या कोपऱ्यापर्यंत पोचेतो तो तपकिरी झालेला असतो.

चित्रकार फ्रेडरिक डॅनियल हार्डी, जन्म १८२७. १८५४ साली ते इंग्लंडमध्ये केंटमधल्या क्रॅनब्रुक गावी राहायला आले. पुढे थॉमस वेबस्टर, जॉन कॉलकॉट हॉर्सली असे आणखी चित्रकार जमले आणि त्यांना क्रॅनब्रुक कॉलनी हे नाव पडलं. गरिबाघरच्या खोल्या हा हार्डींचा हातखंडा. मांडणी सतराव्या शतकातल्या डच चित्रांची : बाजूने उजेड, मागे उघडं दार, दारातून दिसणारी दुसरी खोली.

(दृश्य : पांढरी टोपी, अगदी जवळून.)

हा पांढरा रंग नीट पाहा. पांढरी टोपी आयती मिळत नसे, ती धुऊन पांढरी ठेवावी लागे.

(दृश्य : विहीर, बादल्या, हंडा.)

विटांच्या चौथऱ्यात बसवलेला हंडा, खाली जाळ. तांब्याचा असो की ओतीव लोखंडाचा, त्याला ‘कॉपर’च म्हणत. वीस गॅलनचा हंडा म्हणजे नव्वद लिटर पाणी. दोन्ही हातांत बादल्या घेतल्या तरी चार खेपा. आणि हे फक्त उकळायचं पाणी, खळबळायचं वेगळं. खोलीच्या चित्रात विहीर मावत नाही, म्हणून पाणी भरण्याचं हे काम इथे दाखवतो आहोत.

पांढरे कपडे आधीच सोड्याच्या पाण्यात भिजवलेले. १८५३ पर्यंत साबणावर कर होता, त्यामुळे साबण बेतानेच किसायचा. कपडे पिंपात घालून डॉली फिरवायची. डॉली म्हणजे खाली पाय असलेला लाकडी दांडा. अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे. पूर्ण गोल फिरवली तर कपड्यांना पीळ बसतो आणि शिवणी उसवतात. मग हंड्यात उकळणं, मग दोनतीनदा खळबळणं.

(दृश्य : फ्लॅनेलची पुरचुंडी, पाण्यात सुटणारा निळा रंग.)

शेवटी नीळ. पुरचुंडीत बांधून पाण्यात पिळायची आणि लगेच कपडा बुडवायचा. नीळ अल्ट्रामरीन या निळ्या रंगाची असेल, तर ते पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं; पाणी ढवळलं नाही तर कपड्यावर निळे पट्टे. नीळ प्रशियन ब्लूची, म्हणजे लोखंड असलेल्या दुसऱ्या निळ्या रंगाची असेल तर धोका निराळा. कपड्यात साबण किंवा सोडा राहिला असेल तर ती नीळ फुटते, आतलं लोखंड सुटतं आणि इस्त्रीखाली तांबूस डाग उमटतात. म्हणून तर एवढं खळबळायचं.

अल्ट्रामरीन पूर्वी अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून काढत, सोन्याच्या मोलाचं. १८२८ नंतर फ्रान्समध्ये ते कारखान्यात होऊ लागलं आणि चित्रकाराच्या रंग कालवायच्या पाटीवरही आलं, धुण्याच्या पिंपातही. कामही तेच. चित्राच्या रंगात कालवलेलं जवसाचं तेल पिवळं पडतं, सुती कपडाही पिवळा पडतो. दोघांचा पांढरा निळ्याच्या अंशाने उजळतो.

(दृश्य : विस्तवापाशी दोन इस्त्र्या.)

इस्त्र्या दोन : एक हातात, दुसरी तापत. विस्तवावरून उचलली की काजळी पुसायची, तळ मेणाच्या फडक्यावर फिरवायचा, नाहीतर खळ चिकटते.

सोड्याने हात फुटायचे. सगळ्याला दोन दिवस जायचे.

(दृश्य : हात. मग पुन्हा चित्रातली टोपी.)