दिव्याच्या खांबावरचा सिनेमा

(कृष्णधवल दृश्य: अरुंद गल्ली, दोरीवर वाळत घातलेले कपडे)

लंडन, थेम्सचा दक्षिण काठ. बरमंडसी. वारा एका बाजूने आला की कातडी कमावणाऱ्या कारखान्यांचा उग्र दर्प, दुसरीकडून आला की बिस्किटांचा आणि उकळत्या जॅमचा वास. १९०० मध्ये लंडनचे २८ बरो झाले, म्हणजे स्वतःची नगरपालिका असलेले विभाग; त्यातला हा एक होता. वस्ती गोदीतल्या हमालांची. काम रोजचं, म्हणजे मिळालं तर. चार बिऱ्हाडांत अंगणातला एक नळ.

(दृश्य: काळी बॅग घेतलेली नर्स)

ही डिस्ट्रिक्ट नर्स, घरोघरी जाऊन शुश्रूषा करणारी. घरात शिरली की आधी जुनं वर्तमानपत्र मागायची. ते टेबलावर पसरायचं, बॅग त्यावर. हात धुवायला साबण-टॉवेल स्वतःचाच, कारण घरात असेल याचा भरवसा नाही. जखमेवरची जुनी पट्टी वर्तमानपत्राच्या पुडीत, पुडी शेगडीत. नव्या पट्ट्या डब्यात घालून घरच्याच ओव्हनमध्ये तापवून घ्यायच्या. ऑपरेशन थिएटरची शिस्त, आणि खोली एकच!

तिचा पगार बहुतेक ठिकाणी देणग्या-वर्गण्यांतून निघे. बरोची माणसं वेगळी. बाळ जन्मलं की ३६ तासांत आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचं, असा कायदा १९०७ मध्ये आला आणि १९१५ मध्ये सगळीकडे सक्तीचा झाला. मग हेल्थ व्हिजिटर दारात हजर. ती पट्टी बांधत नसे, सल्ला देई. खिडकी उघडी ठेवा, बाळाला ऊन दाखवा. सल्ला बरोबरच होता हो. पण खिडकीसमोर कारखान्याची भिंत असेल तर ऊन आणायचं कुठून?

(दृश्य: सॉल्टर दांपत्य)

डॉ. आल्फ्रेड सॉल्टर इथेच दवाखाना चालवत. फी सहा पेनी, तीही परवडत नसेल तर नाही. ते आणि त्यांची पत्नी एडा मुद्दाम याच वस्तीत राहिले. १९१० मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी जॉइस स्कार्लेट फीवरने गेली. आठ वर्षांची. ते तरीही हलले नाहीत.

१९२२ मध्ये एडा बरोच्या महापौर झाल्या, आल्फ्रेड खासदार. रस्तोरस्ती झाडं लागली. आणि १९२६ मध्ये बरोने क्षयाच्या रोग्यांसाठी चक्क ऊनच आणलं: दिव्यांखाली बसवून उपचार करणारं सोलॅरियम.

(दृश्य: रात्र, गल्लीत गर्दी)

आपल्याकडे गणपतीत रस्त्यावर पडदा लागायचा, तसा इथेही लागे. बरोच्या आरोग्य खात्याने स्वतःच मूकपट काढले: दात, दूध, क्षय. व्हॅन गल्लीत उभी राहायची, वीज रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून घ्यायची. पडद्याला आवाज नाही, म्हणून बोलायला खात्याचाच माणूस. पोरं पुढे, बाया दारात.

खेळ संपला की पडदा गुंडाळायचा, वायर काढायची. उद्या पुढची गल्ली.