फायनल दोन मॅचची असायची तेव्हा

(कोल्हापुरातल्या एका फुटबॉलप्रेमी गटापुढे दिलेलं व्याख्यान, थोडं नीट करून)

मंडळी, आधी एक शब्द सांगतो. साउथ अमेरिकेत स्पॅनिश बोलणारे लोक दोन मॅचच्या फायनलला 'इदा इ वुएल्ता' म्हणतात, इदा म्हणजे जाणं आणि वुएल्ता म्हणजे परत येणं. आता आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, चुकून म्हणालं तर आजी दारातच अडवते, 'येतो म्हण रे'. हे मला त्या फायनल बघताना कायम आठवायचं, कारण पहिली मॅच हरून जी टीम विमानात बसायची ती हरून निघालेली नसायची, ती येतो म्हणून निघालेली असायची. पुढची मॅच बाकी आहे, ती आपल्या गावात आहे, आपल्या लोकांसमोर आहे. मग मधला तो आठवडा. मी आज बोलायला आलोय ते खरं तर त्या मधल्या आठवड्याबद्दल.

कोपा लिबेर्तादोरेस म्हणजे तिकडची क्लबची सगळ्यात मोठी स्पर्धा, युरोपात चॅम्पियन्स लीग तशी तिकडे ही. 1960 ला सुरू झाली, पहिल्या फायनलला उरुग्वेच्या पेन्यारोलने पॅराग्वेच्या ओलिम्पियाला हरवलं, आणि तेव्हापासून 2018 पर्यंत फायनल दोन मैदानांवर व्हायची, एक तुझ्या घरी एक माझ्या घरी. सुरुवातीला तर गोलांची बेरीजसुद्धा नव्हती. तू एक जिंकलास मी एक जिंकलो तर तिसरी मॅच तिसऱ्याच देशात. 1966 ला असंच झालं, मॉन्टेव्हिडिओत पेन्यारोल 2-0, ब्युनोस आयर्समध्ये रिव्हर प्लेट 3-2, मग तिसरी मॅच चिलीत सान्तियागोला. रिव्हर हाफ टाइमला 2-0 पुढे. आणि हरले 4-2. त्यानंतर अर्जेंटिनात लीगची मॅच होती बानफिल्डच्या मैदानावर, तर तिथल्या प्रेक्षकांनी एक पांढरी कोंबडी आणली, तिच्यावर रिव्हरच्या शर्टावर असतो तसा लाल पट्टा रंगवला आणि दिली मैदानात सोडून. घाबरली की कोंबडी, असा त्याचा अर्थ. आज जवळजवळ 60 वर्षं झाली, रिव्हरवाल्यांना अजून 'गाजिनास' म्हणजे कोंबड्याच म्हणतात, आणि आता ते स्वतःही अभिमानाने म्हणवून घेतात. आपल्या पेठांमध्ये एकदा पडलेलं नाव पुसलं जात नाही, तसंच ते.

तिसऱ्या मॅचची शेवटची फायनल 1987 ची. परत सान्तियागो. पेन्यारोल आणि कोलंबियाचा अमेरिका दे काली. एक्स्ट्रा टाइमही 0-0 संपला तर गोलफरकावर काली चॅम्पियन, म्हणजे त्यांना फक्त घड्याळ संपवायचं होतं, आणि अगदी शेवटच्या क्षणी पेन्यारोलच्या दिएगो आगिरेने गोल मारला. कालीवाले 1985 आणि 86 लाही फायनल हरले होते. सलग तिसरी. ह्यावर मी जास्त बोलत नाही, बोलवत नाही.

1988 पासून मग तिसरी मॅच गेली, गोलांची बेरीज आली, बरोबरी झाली तर पेनल्टी. आणि एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा कारण ती पुढे लागणार आहे. 2013 च्या वेळी नियम असा होता, फायनलच्या आधीच्या राउंडमध्ये अवे गोल मोजायचे, म्हणजे दुसऱ्याच्या घरी मारलेल्या गोलाला वजन जास्त, आणि बरोबरी झाली की एक्स्ट्रा टाइम नाही, सरळ पेनल्टी. फायनलला उलटं, अवे गोल मोजायचा नाही आणि एक्स्ट्रा टाइम आहे.

आता 2018. बोका ज्युनियर्स आणि रिव्हर प्लेट, एकाच शहरातले दोघं, पहिल्यांदाच लिबेर्तादोरेसच्या फायनलला समोरासमोर, आणि आधीच ठरलं होतं की दोन मॅचची ही शेवटची फायनल, 2019 पासून एकच. पहिली मॅच पावसामुळे एक दिवस पुढे गेली, 11 नोव्हेंबरला बोकाच्या बोंबोनेरा मैदानावर 2-2 झाली. दुसरी 24 नोव्हेंबरला रिव्हरच्या मोन्युमेंतालवर. बोकाची बस स्टेडियमजवळ आली आणि तिच्यावर दगड-बाटल्या पडल्या, काचा फुटल्या, बोकाचा कॅप्टन पाब्लो पेरेसच्या डोळ्याला इजा झाली. आत 60 हजारांहून जास्त लोक तासन् तास बसून होते, मॅच आता होईल मग होईल, शेवटी उद्या म्हणाले, आणि उद्याही झाली नाही. मॅच नेली कुठे, तर माद्रिदला, 10 हजार किलोमीटर लांब, रिआल माद्रिदच्या मैदानावर. ज्या कपाचं नावच स्पेनपासून देश सोडवणाऱ्यांच्या नावाने आहे त्याची फायनल स्पेनमध्ये. 9 डिसेंबरला रिव्हर 3-1 जिंकलं एक्स्ट्रा टाइममध्ये, शेवटचा गोल तर पिती मार्तिनेसने रिकाम्या गोलमध्ये मारला कारण बोकाचा गोलकीपर कॉर्नरला पुढे गेलेला. क्वचित बघायला मिळते अशी मॅच होती आणि मी ती शेवटपर्यंत बघितली, पण मला आजही त्या मोन्युमेंतालमध्ये बसलेल्या लोकांचं वाईट वाटतं. ज्यांनी बस फोडली ते थोडे होते. तिकीट काढून पोरांना घेऊन आत शांत बसलेले हजारो होते, आणि रिव्हरची वुएल्ता, ते परत घरी येणं, त्यांच्या घरी झालंच नाही.

एका मॅचची फायनल वाईट असते असं मी म्हणत नाही हं. 2019 ला लिमामध्ये फ्लामेंगो 88 व्या मिनिटापर्यंत 1-0 मागे होतं आणि गाबिगोलने शेवटच्या काही मिनिटांत दोन मारले, अंगावर काटा आला होता. पण विमानाचं तिकीट काढून लिमाला कोण जाणार? ज्याला परवडतं तो. जो वर्षभर दर आठवड्याला बस पकडून मैदानावर येतो त्याची फायनल टीव्हीवर. माझं भांडण एवढंच आहे आणि ते मी सोडणार नाही.

तर आता 2013, ज्यासाठी मी खरं इथे आलो.

ब्राझीलमध्ये बेलो ओरिझोन्ते नावाचं शहर आहे, तिथला क्लब आतलेतिको मिनेइरो. त्यांचं चिन्ह कोंबडा, म्हणून सगळे 'गालो' म्हणतात. ह्या क्लबने तोपर्यंत लिबेर्तादोरेस कधी जिंकला नव्हता, शेजारच्या क्रुझेरोकडे दोन होते, म्हणजे रोज टोमणे. मॅनेजर कुका, चांगला कोच पण मोठं काही जिंकत नाही, पनवती आहे असं लोक तोंडावर म्हणायचे, तो मेरीमातेचं चित्र असलेला टी-शर्ट घालून डगआउटमध्ये उभा राहायचा. आणि त्या टीममध्ये रोनाल्डिन्हो, आपला रोनाल्डिन्हो, 33 वर्षांचा, सगळ्यांनी संपला म्हणून सोडलेला. फेब्रुवारीत साओ पावलोविरुद्ध मॅच थांबलेली असताना तो त्यांच्याच गोलकीपरकडे पाणी मागायला गेला, बाटलीतून घोट घेतला, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही, तेवढ्यात थ्रो-इन आला, ह्याच्याकडे एकट्याकडे बॉल, ह्याने क्रॉस दिला आणि जो ने गोल केला. जो हे त्या फॉरवर्डचं नाव आहे.

त्या वर्षी त्यांचं घर म्हणजे ओर्तो भागातलं इंडिपेंडेन्सिया स्टेडियम, छोटं, 20-22 हजारांचं, स्टँड मैदानाला चिकटलेले. लोक ओरडायचे 'ओर्तोत पडला की मेला'. क्वार्टर फायनलला मेक्सिकोचं तिहुआना तिथे आलं, पहिली मॅच 2-2, इथे 1-1, आणि इंज्युरी टाइममध्ये तिहुआनाला पेनल्टी. ती आत गेली की संपलं सगळं. रियास्कोसने मारली, व्हिक्टर गोलकीपर एका बाजूला पडत होता आणि पडता पडता मागे राहिलेल्या डाव्या पायाने बॉल उडाला. हाताने नाही, पायाने. तेव्हापासून त्याला तिथे 'संत व्हिक्टर' म्हणतात. सेमी फायनलला रोसारिओत नेवेल्सकडे 2-0 हरले, घरी येऊन 2-0 केलं, मधे स्टेडियमचे लाइट गेले, लाइट आल्यावर दुसरा गोल झाला, पेनल्टीवर जिंकले.

फायनलला समोर ओलिम्पिया, तेच 1960 चे ओलिम्पिया, मधल्या काळात तीनदा चॅम्पियन, 1979, 1990, 2002. त्यांचा कोच एवर उगो आल्मेइदा, 79 ला आणि 90 ला जिंकले तेव्हा गोलमध्ये हाच उभा होता. 17 जुलैला आसुन्सिऑनमध्ये ओलिम्पिया 2-0, पहिला आलेहांद्रो सिल्वाचा, आणि दुसरा इंज्युरी टाइममध्ये पिटोनीची फ्री-किक. 1-0 वर निघायची तयारी झालेली आणि तो दुसरा बसला. 1-0 आणि 2-0 मध्ये त्या आठवड्यात किती फरक पडतो ते हरलेल्याला विचारा.

मग तो आठवडा. सात दिवस. आणि त्यात आणखी एक, फायनलसाठी किमान 40 हजारांचं स्टेडियम लागतं असा नियम, म्हणजे ओर्तो नाही, मिनेरांवला जायचं, मोठ्या स्टेडियमला. चारच वर्षांपूर्वी, 2009 ला, ह्याच मिनेरांववर क्रुझेरो फायनलच्या दुसऱ्या मॅचमध्ये, घरी, एका गोलने पुढे असताना अर्जेंटिनाच्या एस्तुदियान्तेसकडून 2-1 हरलं होतं. म्हणजे गावाला माहीत होतं की घरचं मैदान आहे म्हणून कप घरी राहतोच असं नाही. तरी लोक एकच वाक्य म्हणत होते, 'एऊ आक्रेजितू', माझा विश्वास आहे.

24 जुलैची रात्र तिकडे, आपल्याकडे 25 ची पहाट उलटलेली, बाहेर धो धो पाऊस, दारात दूध येऊन पडलेलं, मी आत लॅपटॉपवर, चित्र अडकत अडकत येतंय. मिनेरांवमध्ये 56 हजार लोक. पहिल्या हाफला गोल नाही. दुसरा हाफ सुरू होतो न होतो, उजवीकडून क्रॉस आला, पिटोनीला, हो त्याच फ्री-किकवाल्या पिटोनीला, तो काढायचा होता आणि त्याचा पाय बॉलला लागलाच नाही, मागे जो उभा, 1-0. मग वेळ जातोय, जातोय, काहीच होत नाही.

84 वं मिनिट असेल. ओलिम्पियाचा फॉरवर्ड फेरेइरा एकटा सुटला. समोर फक्त व्हिक्टर. व्हिक्टर पुढे आला, फेरेइराने त्याला बाजूने काढलं, आता पुढे कुणी नाही, गोल रिकामा, बॉल पायात, ढकलला की ओलिम्पिया चौथ्यांदा चॅम्पियन, आणि फेरेइरा घसरला. पाय गेला आणि तो खाली बसला. मी खुर्चीतून उठलो होतो आणि तसाच उभा राहिलो. स्टेडियममध्ये तो जो आवाज झाला ना, तो आनंदाचा नव्हता, श्वास परत आल्याचा होता. लगेच ओलिम्पियाच्या मान्सूरला रेड कार्ड, आणि दोन-तीन मिनिटांत बर्नार्डचा क्रॉस, लिओनार्डो सिल्वा, उंच सेंटरबॅक, त्याने डोक्याने लांबच्या कोपऱ्यात टाकला. 2-0. बेरीज 2-2. म्हणून ती नियमाची गोष्ट सांगितली होती, एक्स्ट्रा टाइम. त्यात गोल नाही, पेनल्टी. (हा बर्नार्ड पुढच्याच वर्षी ह्याच मैदानावर जर्मनीविरुद्धच्या त्या 7-1 मध्ये ब्राझीलकडून खेळला. एका पोराने एका मैदानावर काय काय बघावं.)

ओलिम्पियाची पहिली मिरांडाची, व्हिक्टरने अडवली. गालोचे चारही आत. ओलिम्पियाची पाचवी हिमेनेझची, चौकटीवर आदळून बाहेर, 4-3, आणि गालोला पाचवी मारावीच लागली नाही. कुका, जो काही जिंकत नाही म्हणायचे, तो जिंकला. रोनाल्डिन्होकडे वर्ल्ड कप होता, चॅम्पियन्स लीग होती, आता हाही.

मगाशी एकाने मला विचारलं, तुम्ही गालोचे फॅन का. मी गालोचा नाही आणि ओलिम्पियाचाही नाही. मला त्या रात्रीतलं सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय ते मिरांडाच्या नंतरचं. ओलिम्पियाची पहिली चुकलेली, 56 हजार लोक शिट्ट्या मारतायत, आणि दुसरी पेनल्टी मारायला फेरेइरा आला. तोच. रिकाम्या गोलसमोर घसरलेला. बॉल ठेवला, मागे गेला, धावत आला, आणि आत मारली.